पान ऊन कसे धरते आणि ते आपल्या ताटात कसे उतरते

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन आटोपले की बाया थोडा वेळ बसतात आणि आरोग्याचे बोलणे निघते. सातारा असो की सांगली, दोन प्रश्न ठरलेले. पहिला, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो म्हणतात, ते खरे का? दुसरा, पालेभाजीने रक्त वाढते का? आणि वाढत असेल तर आशाताई बोट टोचून दर वेळी ‘रक्त कमी’ असेच का सांगतात?

हे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. पान उन्हाचे नेमके काय करते, हे कळले की दोन्ही सुटतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही थोडे शाळेचे विज्ञान घेतले आहे. ज्यांनी दहावीला ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द पाठ करून मार्क मिळवले त्यांनीही वाचावे. शब्द लक्षात राहतो, त्यामागची गोष्ट बहुधा निसटलेली असते.

माठाचे किंवा अळूचे एक पान हातात घ्या. पहिली गोष्ट, ते पातळ आहे. मिलिमीटरचा काही भाग, एवढीच त्याची जाडी. ऊन फार खोल शिरत नाही, म्हणून पान जाड करण्यापेक्षा रुंद पसरणे झाडाला परवडते. आता ते उलटे करा. खालची बाजू फिकट दिसेल. वरच्या बाजूला उभ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी असतात. खालच्या बाजूला पेशी सैल असतात आणि मधे हवेच्या पोकळ्या. खालच्या त्वचेला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोके असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. हवा तिथून आत येते. वरून आलेला उजेड उभ्या पेशींमधून आत जातो, आणि त्यातून जो निसटतो तो खालच्या पोकळ्यांमध्ये इकडे तिकडे आपटून पुन्हा पेशींवर पडतो. अशा रीतीने पानावर पडलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापैकी साधारण ८५ टक्के उजेड पान धरून ठेवते. त्याची जाडी पाहता ही कमाल आहे.

प्रत्येक पेशीत हिरवे दाणे असतात, एकेका पेशीत काही डझन. त्यांना हरितलवक म्हणतात. ते जागेवर चिकटलेले नसतात. उजेड मंद असला की ते पसरून उन्हाला सामोरे येतात. ऊन कडक झाले की पेशीच्या बाजूच्या भिंतींना जाऊन लागतात, जसे भर दुपारी आपण घराच्या सावलीच्या अंगाला सरकतो तसे.

या दाण्यांमध्ये हरितद्रव्य असते. उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात. त्यांतला तांबडा आणि निळा हरितद्रव्य चांगला शोषते. हिरवाही बराचसा आत जातो, पण त्यातल्या त्यात तो कमी घेतला जातो आणि परत फिरतो. तोच आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून पान हिरवे दिसते.

पुढचा भाग स्लॅबवर काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. स्लॅब टाकताना खालून वरपर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेले हातोहात वर जाते. रांगेतला प्रत्येक जण काँक्रीट ओतत नाही. ओतणारा वर एकच असतो, बाकीचे घमेले पुढे देतात. पानातही तसेच आहे. हरितद्रव्याचे दोनशे-तीनशे रेणू एकत्र जमून बसतात. त्यांतल्या कोणत्याही एकावर उजेडाचा कण पडला की तो आपली शक्ती शेजाऱ्याला देतो, शेजारी पुढच्याला, आणि असे करत ती मधल्या एका खास जोडीपर्यंत पोहोचते. हे सारे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत होते. खरे काम त्या मधल्या जोडीपाशी. तिथे आलेल्या शक्तीने इलेक्ट्रॉन सुटतो, आणि त्याची जागा भरण्यासाठी पान पाण्याचा रेणू फोडते. पाणी फुटले की ऑक्सिजन बाहेर पडतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन हाच. पुष्कळांना वाटते की तो कार्बन डायऑक्साइडमधून येतो. तसे नाही, तो पाण्यातून येतो. सुटलेला इलेक्ट्रॉन लोह आणि तांबे असलेल्या कड्यांमधून पुढे पुढे जातो. त्या शक्तीवर पान हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवते. भाकरी, भात, डाळ, तेल हे सगळे तिथून सुरू होते.

हरितद्रव्याच्या सोबतीला पिवळी-नारिंगी द्रव्येही असतात, कॅरोटीन आणि त्याची भावंडे. हिरव्याच्या गर्दीत ती दिसत नाहीत. पान जुने होऊन पिवळे पडते तेव्हा हिरवे मोडलेले असते आणि ही उघडी पडतात. त्यांची कामे दोन. हरितद्रव्याला जो उजेड नीट धरता येत नाही त्यातला काही भाग ती धरून पुढे देतात. आणि उन्हाळ्याच्या दुपारी पानाला झेपत नाही एवढे ऊन पडले की जादा शक्ती उष्णता करून सोडून देतात, नाहीतर पान आतून करपेल. पुढे ताटाची गोष्ट येईल तेव्हा ही पिवळी द्रव्ये पुन्हा भेटतील.

आता पिंपळ. तथागतांना ज्याच्या छायेत बोधी प्राप्त झाली ते झाड आपल्याला प्रिय आहे, विहाराच्या अंगणात आपण ते लावतो. त्याच्या पानाचे लांब टोक पावसाचे पाणी लवकर निथळून जायला मदत करते. पण पिंपळ रात्री ऑक्सिजन देत नाही. पाणी फोडायला उजेड लागतो, आणि तो नसला की ते काम बंद. रात्री पिंपळही, वडही, कडुनिंबही आपल्यासारखाच श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो. यान इंगेनहाउस या डच डॉक्टराने १७७९ मध्येच हे प्रयोग करून दाखवले. पाण्यात बुडवलेली हिरवी पाने उन्हात बुडबुडे सोडतात, अंधारात सोडत नाहीत, आणि मुळे किंवा फुले उन्हातही सोडत नाहीत. निवडुंगासारखी काही झाडे रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतात, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्री झाडाखाली झोपले तर माणूस गुदमरतो, झाडावर काहीतरी असते, असे घाबरवणारे आहेत. उघड्या हवेत झाडाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड पसरून जातो, त्याने कोणी गुदमरत नाही. झाडाखाली रात्री भीती बाळगायची तर सापा-विंचवाची. बोधिवृक्षाचा मान खोट्या विज्ञानावर उभा करायची गरज नाही. तपासून पाहा, मग स्वीकारा, हे ज्या धम्मात सांगितले आहे त्या धम्माच्या घरात मोबाईलवर आलेला मजकूर तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये, एवढे तरी आपण पाळू.

पान आणि ऊन यांचे नाते आपल्या लोकांना नवे नाही, फक्त ते पुस्तकातल्या शब्दांत माहीत नसते. तासगाव भागात द्राक्षबागेत रोजंदारीला जाणाऱ्या बायांना विचारा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. खरड छाटणीनंतर जादा फुटी काढायला लावतात, कारण काड्यांवर ऊन पडले तरच पुढच्या हंगामाचा घड त्या डोळ्यात तयार होतो. दाट सावलीतला डोळा वांझ निघतो. घडांच्या मानाने वेलीवर पाने किती ठेवायची याचाही हिशेब असतो, कारण घडातली साखर ती पानेच बनवतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून शेतकऱ्यांना हाच हिशेब शिकवला: जमीन किती यापेक्षा किती पानावर किती ऊन पडते ते मोजा. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, असे ते मांडत. हा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. पण आपल्या बहुतेक वस्त्यांमध्ये दहा गुंठे सोडाच, दाराबाहेर दहा फूट जागा नसते, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

आणि नुसते ऊन पुरत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत उन्हाची काय कमी? पण जमिनीत ओल नसली की पान आपली रंध्रे मिटून घेते, नाहीतर ते सुकून जाईल. रंध्रे मिटली की हवा आत येत नाही, आणि ऊन पडत असूनही पान उपाशी राहते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्याकडे यावर एक तोड आहे. त्यांची पाने कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून आतल्या पेशींमध्ये कोंबतात, त्यामुळे रंध्रे थोडी उघडूनही काम भागते आणि कडक उन्हात शक्ती कमी वाया जाते. ही युक्ती उसाच्या पानावर अभ्यास करतानाच १९६० च्या दशकात हवाई बेटांवर आणि ऑस्ट्रेलियात उलगडली. गव्हाला आणि भाताला ती जमत नाही. दुष्काळी पट्ट्यात ज्वारी का टिकली याचे एक कारण हे. ऊस मात्र ही युक्ती असूनही वर्षभर रानात उभा राहून पाणी पितोच, आणि ते पाणी कोणाच्या वाट्याला जाते हे महाडच्या तळ्यापासून पाण्यासाठी लढलेल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आता दुसरा प्रश्न, रक्ताचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांचे रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ६९ टक्के. म्हणजे वस्तीतल्या दर दोन बायांमागे एक, आणि दर तीन लेकरांमागे दोन. धाप लागणे, पाय ओढणे, काम उरकत नाही म्हणून बोलणी खाणे, बाळंतपणात जिवावर बेतणे, अभ्यासात लक्ष न लागणे, हे सगळे त्या आकड्यांत आहे.

पान यात कुठे येते? उजेड धरायला पानाने जी सामग्री जमवलेली असते, तीच आपल्या अंगाला हवी असते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम असते. इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या एका यंत्रणेत लोहाचे बारा अणू बसवलेले असतात. त्याच यंत्रणेत के जीवनसत्त्व असते, जे आपल्याला रक्त गोठायला लागते. मघाची पिवळी द्रव्ये आपल्या पोटात गेली की त्यांतल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनते, ते डोळ्यांना लागते. उन्हाच्या माऱ्यापासून वाचायला पान क जीवनसत्त्व बाळगून असते. म्हणून गडद हिरव्या पानात हे सगळे एकत्र मिळते. पटत नसेल तर कोबी कापून पाहा. आतली पाने एकमेकांत गुंडाळलेली, त्यांनी ऊन कधी पाहिलेच नाही. ती पांढरी असतात, आणि त्यांत लोह १०० ग्रॅमला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, कॅरोटीन नावापुरते. तेवढ्याच पालकात लोह सुमारे तीन मिलिग्रॅम, आणि माठात किंवा शेवग्याच्या पाल्यात सुमारे साडेचार. बाजारात कोबी-फ्लॉवरचा हिरवा पाला, मुळ्याचा पाला, बिटाचा पाला तोडून बाजूला टाकतात. आठवडी बाजार उठताना तो फुकट मिळतो. तो आणायची लाज वाटू देऊ नका. गड्ड्यापेक्षा त्या पाल्यात ताकद जास्त असते.

पालेभाजीतल्या आणखी एका गोष्टीचा इतिहास मुंबईतल्या कामगार बायांशी जोडलेला आहे. डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आल्या. मुंबईतल्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय होता, तो कशाने होतो हे त्यांना शोधायचे होते. त्यांना दिसले की ज्यांचे खाणे निकृष्ट त्यांनाच तो जास्त गाठतो. यीस्टपासून केलेला अर्क दिल्यावर त्या बाया सुधारल्या, आणि १९३१ मध्ये विल्स यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते ते पुढे कळले. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक वापरून त्यातून ते द्रव्य वेगळे काढले गेले, आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक’ हे नाव मिळाले. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून लाल गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते ते हेच. ज्या गोळीला वस्तीत ‘उलटी होते’ म्हणून बाजूला ठेवतात तिच्यामागे गिरणीत राबणाऱ्या बायांचे आजारपण आहे.

इथे एक फसवणूक सांगायला हवी. शहरात गव्हांकुराचा रस ‘हिरवे रक्त’ म्हणून विकला जातो. सांगतात की हरितद्रव्य आणि रक्तातला तांबडा घटक दिसायला सारखे, फक्त एकात मॅग्नेशियम आणि दुसऱ्यात लोह, म्हणून रस प्याला की रक्त होते. दोन्ही रेणूंचा सांगाडा मिळताजुळता आहे, इतके खरे. पण पोटात मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवणारा कोणी कारागीर नसतो. त्या पैशांत दोन जुड्या माठ, चार लिंबे आणि पाव किलो हरभरे येतात.

आणि पालेभाजीबद्दलही खोटी आशा आम्ही देणार नाही. प्रौढ बाईच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह असावे असे आपल्या देशातल्या आहारतज्ज्ञांचे माप आहे. माठाच्या एका भाजीतून त्याचा छोटा हिस्साच येतो. शिवाय पानातले लोह अंगी लागते ते थोडे, साधारण दहा टक्क्यांच्या आतच. पालकातले ऑक्झॅलेट ते अडवते. जेवणावर घेतलेला चहा तर हमखास अडवतो, म्हणून जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. उलट लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो, पेरू यांतले क जीवनसत्त्व लोह आत घ्यायला मदत करते. भाजीवर लिंबू पिळायची सवय लावा, शिजवताना नव्हे, ताटात. मांसाहार करणाऱ्या घरांत कलेजी, रक्ती, मटण, सुकट यांतले लोह पानातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागते. रक्तीला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडे लोह तिथूनही उतरते.

भाजी आधी धुवा, मग चिरा. पाणी ओतून देऊ नका, फॉलिक ॲसिड आणि क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातात. फार वेळ शिजवू नका. चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचे कूट घाला, कारण कॅरोटीन स्निग्धाबरोबरच आत जाते. शेवग्याचा पाला वाळवून ठेवायचा असेल तर सावलीत वाळवा. तोडलेल्या पानातले कॅरोटीन कडक उन्हात नासते. जिवंत पान उन्हापासून स्वतःला सांभाळते, तोडलेल्याला ते जमत नाही.

याहून अवघड गोष्ट घरातली आहे. बाई सगळ्यांना वाढून शेवटी जेवते, आणि तोवर भाजीच्या कढईत रस्साच उरलेला असतो. रक्त तिचे कमी आणि भाजी तिच्या ताटात नाही, तर वर लिहिलेले सारे फुकट. समतेची भाषणे आपण १४ एप्रिलला ऐकतो. घरात सगळ्यांनी एकत्र ताटे वाढून घ्यावीत, तिचे ताटही पहिल्याच वेळी वाढले जावे, एवढे पुरुषांनी करावे.

तरीही रक्त तपासणे आणि गोळी यांना पर्याय नाही. हिमोग्लोबिन बाईचे १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर कमी समजतात. गरोदरपणात ७ च्या खाली गेले तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस घ्यायची. शाळकरी आणि वयात आलेल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी असते. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या, चहाबरोबर मात्र नको. शौच काळी होते, त्याने घाबरू नये.

रानभाजीची एक नवी काळजी आहे, ती भांगलायला जाणाऱ्या बायांनी नीट वाचावी. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या भाज्या रानातून पदरात बांधून आणायची आपली जुनी रीत. मजुरी कमी पडली तरी त्यांनी घर तारले आहे. पण आता उसाच्या आणि मक्याच्या रानात भांगलणीऐवजी तणनाशक मारतात. त्यांतली ॲट्राझीन, मेट्रिब्युझिन ही औषधे नेमकी पानाच्या उजेड धरण्याच्या वाटेतच खीळ घालतात. हरितद्रव्य उजेड धरतच राहते, पण इलेक्ट्रॉनला पुढे वाट नसते. घमेली खालून येत राहावीत आणि वर घेणारा नसावा तशी स्थिती. ती अडकलेली शक्ती पानालाच जाळते. मात्र पान पिवळे पडायला काही दिवस लागतात. तोवर फवारलेले तण हिरवेगार आणि खाण्याजोगे दिसते. म्हणून दिसण्यावर जाऊ नका. फवारणी झाली का आणि कधी, हे मालकाला किंवा मुकादमाला विचारल्याशिवाय उसातली, मक्यातली, द्राक्षबागेतली भाजी तोडू नका. खात्री नसेल तर सोडून द्या. धुतल्याने पानाच्या आत शिरलेले औषध निघत नाही.

पॅराक्वाट नावाचे तणनाशक याहून घातक. ते पानातला इलेक्ट्रॉन पळवून ऑक्सिजनला देते आणि त्यातून तयार झालेले विषारी कण पान काही तासांत करपवतात. माणसाच्या पोटात गेले तर फुप्फुसातही असाच जाळ होतो, आणि त्यावर नेमका उतारा अजून नाही. असली औषधे पाण्याच्या, थंड पेयाच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही भरून घरात आणू नका. चुकून घोटभर जरी पोटात गेले, वरून माणूस बरा दिसत असला तरी, लगेच १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या.

घराशी भाजी लावायची तर जागा पाहताना आधी ऊन पाहा. गल्लीत सकाळी आठला, बाराला आणि चारला कुठे ऊन असते ते दोन दिवस बघून ठेवा. टोमॅटो, वांगी यांना दिवसभर ऊन लागते. पालेभाजी चार-पाच तासांच्या उन्हावरही येते, कारण तिला फळ धरायचे नसते. सिमेंटची धुतलेली गोणी, फुटकी बादली चालेल. कीटकनाशकाचा डबा किंवा रंगाचा डबा नको. विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष आहेच, कुंपणाला शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी रोवा, पावसाळ्यात ती धरते. वर्षभरात सगळ्या वस्तीला पुरेल एवढा पाला मिळू लागतो.

काहींनी मात्र जपून. हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळ्या चालू असतील त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा बंद करू नये, के जीवनसत्त्वामुळे गोळीचे माप बिघडते. डॉक्टरांना विचारून रोज सारखीच ठेवावी. मूतखडा झालेल्यांनी पालक कमी खावा. आणि ज्या घरांत सिकलसेल आहे तिथे रक्त कमी असण्याचे कारण लोहाची कमतरता नसून वेगळे असू शकते. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो, आणि सोयरीक आता तिकडेही होते. अशांनी तपासणी करून घ्यावी, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत.

मुलांसाठी एक प्रयोग. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला, तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी विहारात हा करता येईल. पालकाची चार-पाच पाने बारीक कुटून चमचाभर स्पिरिटमध्ये भिजवा, पाणी गडद हिरवे होईल. ते वाटीत घेऊन त्यात टिपकागदाची बोटभर रुंद पट्टी उभी धरा आणि अर्धा तास थांबा. रंग पट्टीवर चढत जातील, आणि हिरव्याच्या पुढे कडेला पिवळसर पट्टा वेगळा दिसू लागेल. तेच कॅरोटीन आणि त्याची भावंडे, एरवी हिरव्यात लपलेली. कुटलेली पाने आणि ते पाणी नंतर फेकून द्यावे. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ चूल, मेणबत्ती किंवा अगरबत्ती नको, आणि एक मोठे माणूस शेजारी बसलेले असावे.